पहिलं लिनक्स कोणतं बसवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लॅपटॉप 2016 सालचा, इंटेल आय-3 सहाव्या पिढीचा, 4 जीबी रॅम, आत फिरती हार्ड डिस्क. विंडोज 10 ची अपडेट्स बंद झाली आणि विंडोज 11 त्यावर बसत नाही. मुलगी बीसीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. तुम्ही सोसायटीचे सचिव, मराठीतून नोटिसा आणि पत्रं काढता, घरी एक जुना लेझर प्रिंटर आहे. विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची म्हणून विचारपूस केली तर प्रत्येकाने तिच्या वेगळ्या प्रकाराचं, म्हणजे डिस्ट्रोचं, नाव सांगितलं: उबंटू, मिंट, झोरिन, फेडोरा, मांजारो, एकाने थेट आर्च. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, धास्ती वाटते. मग नवख्या माणसाने घ्यावं तरी कोणतं?

आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. लिनक्स मिंट घ्या. 4 जीबी रॅमवरच काम भागवायचं असेल तर त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, रॅम 8 जीबी करणार असाल तर थोडी जड सिनामन. आणि लिनक्स बसवण्याआधी त्या लॅपटॉपमध्ये एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून घ्या.

मी नाशिकमध्ये शाळा, क्लासेस आणि लहान कार्यालयांचे संगणक सांभाळते. लिनक्स बसवून काही दिवसांतच विंडोजकडे परतलेली माणसं मला नेहमी भेटतात. त्यांची कारणं ऐकली की एक गोष्ट लक्षात येते: डिस्ट्रो चुकीची निवडली म्हणून क्वचितच कोणी परततं. प्रिंटरने कागद ओढला नाही, जुनी मराठी फाइल उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसली, किंवा काहीतरी बिघडलं आणि विचारायला जवळपास कोणी नव्हतं, ही खरी कारणं असतात. त्यामुळे ‘सर्वांत चांगलं लिनक्स कोणतं’ हा प्रश्न मी बाजूला ठेवते. तुमच्या घरचं आठवड्याचं काम कशावर अडणार नाही, आणि अडलंच तर तुम्ही स्वतः मागे कसे फिराल, यावर निवड करायची.

घाईचं काही कारण नाही, हेही सांगते. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, पण घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेची अपडेट्स मिळवता येतात. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (यंत्रातली सुरक्षेची एक सोय) आणि साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. तुमचा सहाव्या पिढीचा असल्याने तो रस्ता बंद आहे. यंत्र मात्र अजून कामाचं आहे. लिनक्सवर ते आणखी काही वर्षं आरामात चालेल.

आता एक कागद घ्या आणि या लॅपटॉपवर घरातले सगळे मिळून काय काय करतात ते लिहून काढा. बँक, रेल्वेचं तिकीट, महाडीबीटीचा अर्ज, डिजिलॉकर, व्हिडिओ, ईमेल ही सगळी कामं ब्राउझरमधली आहेत. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही लिनक्सवर चालतात, त्यामुळे ही कामं जशीच्या तशी होतील. अडचण येते ती ठरावीक सॉफ्टवेअरची. घरात कोणी टॅलीवर हिशेब लिहीत असेल, कोरलड्रॉमध्ये पत्रिका बनवत असेल किंवा श्री-लिपीवर डीटीपी करत असेल तर त्या व्यक्तीसाठी विंडोजचं एक यंत्र राहू द्या. वाइन नावाच्या सोयीने विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात, पण ज्यावर पोट अवलंबून आहे ते काम नवख्या माणसाने तिच्या भरवशावर टाकू नये. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर त्या टोकनच्या कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) मिळतो का, हे आधी बघा. तुमच्या प्रश्नात यातलं काही दिसत नाही, म्हणून पुढे जाते.

एसएसडीचा आग्रह का? जुन्या लॅपटॉपचा वेग प्रोसेसरपेक्षा फिरत्या डिस्कमुळे जास्त मार खातो. त्या डिस्कवर कोणतंही लिनक्स टाका, ब्राउझर उघडायला वेळ लागणारच, आणि दोष मात्र डिस्ट्रोवर जाईल. 240 किंवा 256 जीबीची अडीच इंची साटा एसएसडी तुमच्या कामाला पुरेशी आहे. दुसरा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. जुनी हार्ड डिस्क पुसायची गरजच पडत नाही. ती काढून यूएसबी केसमध्ये घाला. फोटो, फाइल्स, सगळं विंडोज जसंच्या तसं त्यात राहील आणि केबल लावून हवं तेव्हा वाचता येईल. लिनक्स नाहीच जमलं तर चार स्क्रू काढून जुनी डिस्क परत बसवायची. परतीची वाट इतकी सरळ असली की माणूस नवीन गोष्ट निर्धास्तपणे शिकतो. डिस्क काढण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का, ते तेवढं बघा. असेल तर बंद करा किंवा रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर बाहेर काढलेली डिस्क तुम्हालाच उघडणार नाही.

या पद्धतीत ड्युअल बूटची भानगडही टळते. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स ठेवता येतात, पुष्कळ लोक ठेवतात, पण पहिल्याच खेपेला पार्टिशनशी (डिस्कच्या वाटणीशी) झटापट करायला मी सांगत नाही. जे करतात त्यांना दोन अडचणी हमखास भेटतात. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर लिहिता येत नाही. दुसरी घड्याळाची. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, म्हणून सकाळी दहा वाजता विंडोज उघडलं की साडेचार वाजलेले दिसतात. यात काही मोडलेलं नसतं, पण ज्याला कारण माहीत नाही तो घाबरतो.

रॅमचं म्हणाल तर 4 जीबीवर मिंट एक्सएफसीई बऱ्यापैकी चालतं. रॅम खाण्यात डिस्ट्रोपेक्षा ब्राउझर कितीतरी पुढे असतो. बारा टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर हलकी डिस्ट्रो शोधून फार काही हाताला लागणार नाही. दुकानात लॅपटॉप उघडलाच आहे तर मोकळा स्लॉट आहे का बघून घ्या. या काळातल्या लॅपटॉपमध्ये डीडीआर-3 एल आणि डीडीआर-4 दोन्ही प्रकार आढळतात, त्यामुळे खात्री केल्याशिवाय रॅम विकत आणू नका.

आता मिंटच का, ते सांगते. मिंटची मुख्य आवृत्ती उबंटूच्या एलटीएसवर, म्हणजे दीर्घकाळ अपडेट्स मिळणाऱ्या आवृत्तीवर, उभी असते. उबंटूची एलटीएस दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट्स मिळतात. मिंट 22 ची मालिका उबंटू 24.04 वर आधारलेली आहे आणि तिला 2029 पर्यंत आधार आहे. म्हणजे एकदा बसवलं की मुलीची पदवी होईपर्यंत यंत्रणा बदलायची गरज नाही. नवख्या माणसाला हा संथपणा हवाच असतो. शिकलेली गोष्ट सहा महिन्यांनीही तशीच चालली पाहिजे, नाहीतर त्याचा हात बसत नाही.

दुसरं कारण मदतीचं. काही अडलं आणि शोधलं, तर सर्वांत जास्त उत्तरं उबंटूची सापडतात. मिंट 22 वर उबंटू 24.04 साठी लिहिलेली उत्तरं बहुतेक वेळा तशीच लागू पडतात. शोधताना 24.04 हा आकडा प्रश्नात घालायची सवय लावून घ्या. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या उत्तरातली ओळ उचलून टर्मिनलमध्ये चिकटवल्याने जितकी यंत्रं बिघडतात, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने बिघडत असतील. कोणती ओळ काय करते हे कळल्याशिवाय ती चालवू नका, आणि पासवर्ड मागणाऱ्या ओळीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

तिसरं कारण टाइमशिफ्ट. हे साधन मिंटमध्ये आधीपासूनच असतं. ते यंत्रणेची त्या दिवशीची स्थिती जपून ठेवतं, आणि अपडेटनंतर काही बिघडलं तर कालच्या स्थितीवर परत नेतं. बसवल्याच्या पहिल्या दिवशी ते चालू करा: रोजचा एक आणि आठवड्याचा एक स्नॅपशॉट पुरे. मात्र टाइमशिफ्ट नेहमीच्या मांडणीत तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाही. फोटो, नोटिसा, प्रोजेक्ट त्यात जपले जात नाहीत. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी ठेवावी लागते. पुष्कळांना हे उशिरा कळतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

टर्मिनलबद्दल निश्चिंत राहा. सॉफ्टवेअर मॅनेजर, अपडेट मॅनेजर, ड्रायव्हर मॅनेजर ही तिन्ही कामं मिंटमध्ये खिडक्या-बटणांनी होतात. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोजवर हात बसलेल्या माणसाला पहिल्या तासाभरात वाट सापडते.

मग बाकीची नावं वाईट आहेत का? मुळीच नाही. उबंटू उत्तम आहे, फक्त त्याच्या डेस्कटॉपची मांडणी विंडोजपेक्षा बरीच वेगळी, आणि त्यात फायरफॉक्स स्नॅप या उबंटूच्या स्वतःच्या पॅकेज-पद्धतीने येतो, जो फिरत्या डिस्कवर पहिल्यांदा उघडायला रेंगाळतो. झोरिन दिसायला देखणं, तेही उबंटूवरच उभं आहे. तुम्ही आधीच ते बसवलं असतं तर मी काढा म्हटलं नसतं. फेडोरा मला स्वतःला फार आवडतं, पण त्याची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला सुमारे तेरा महिनेच आधार असतो. काही प्रचलित व्हिडिओ कोडेकही (व्हिडिओ चालवायला लागणारे भाग) वेगळे बसवावे लागतात. यंत्र अगदी नवं असतं तर ताज्या कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) मी फेडोराचा विचार करायला सांगितलं असतं. मांजारो आणि आर्च सतत बदलत राहणाऱ्या जातीचे आहेत: लिनक्स आतून कसं चालतं हे समजून घ्यायची हौस असलेल्याला छान, सोसायटीच्या सभेची नोटीस आजच काढायची असलेल्याला नाही. सी-डॅकचं बॉस लिनक्स डेबियनवर आधारलेलं आहे आणि भारतीय भाषांकडे लक्ष देऊन बनवलेलं आहे, पण घरगुती वापरकर्त्यांचा गोतावळा लहान, म्हणून अडलेल्या वेळी उत्तर मिळायला वेळ लागतो.

काली लिनक्सबद्दल मात्र ठामपणे सांगते, कारण मुलगी कॉम्प्युटर सायन्सला आहे. हॅकिंगचे व्हिडिओ बघून पहिलंच लिनक्स म्हणून काली बसवणारी मुलं मी दरवर्षी बघते. काली हे सुरक्षा तपासणाऱ्या व्यावसायिकांसाठी बनवलेलं आहे, आणि लिनक्सची ओळख नसलेल्यांनी रोजच्या वापरासाठी ते घेऊ नये असं त्याचे निर्मातेच सांगतात. तिला त्या विषयाची ओढ असेल तर उत्तमच, पण तो प्रयोग पुढे व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) करू दे.

तिच्या अभ्यासाला मिंट पोषकच आहे. पायथन त्यात असतंच, सी साठी जीसीसी हा कंपायलर एका पॅकेजने येतं, जावा आणि डेटाबेसही सहज बसतात. कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटू असेल तर घरी तीच पॅकेजेस मिळतील. आपल्याकडे काही ठिकाणी अजून टर्बो सी वर शिकवतात. ते डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनात) चालवता येतं, पण तिला हे सांगून ठेवा की स्क्रीन पुसायचा क्लिअरस्क्रीनचा जो फंक्शन कॉल वहीत असतो, तो टर्बो सी चा आहे. जीसीसी तो ओळखत नाही आणि प्रोग्रॅम त्या ओळीवर अडतो. ती ओळ आणि तिची हेडर फाइल काढली की बाकीचा प्रोग्रॅम बहुधा चालतो. पायथनमध्ये दुसरी गंमत आहे. पिप या पायथनच्या साधनाने एखादी लायब्ररी थेट टाकायला गेलं की मिंट 22 नकार देतं आणि हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं असा संदेश येतो. तो नकार योग्य आहे. यंत्रणेची स्वतःची कितीतरी कामं त्याच पायथनवर चालतात. प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (पायथनचा स्वतंत्र कोपरा) करायचं, आणि ‘जुनं’ दिसतंय म्हणून यंत्रणेचं पायथन कधीही काढून टाकायचं नाही. ते काढलं की डेस्कटॉपही सोबत जातो.

आता मराठी. इथे मी जरा थांबते, कारण तुमचं निम्मं काम हेच आहे आणि डिस्ट्रोची नावं सुचवणारं कोणी याबद्दल बोलत नाही.

टाइप करणं सोपं आहे. इनस्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआऊट जोडा, काम झालं. इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे मराठी लिहायची सवय असेल तर आयबस आणि एम17एन ही टायपिंगची पॅकेजेस बसवा. त्यात मराठीसाठी फोनेटिक आणि आयट्रान्स पद्धती मिळतात. गूगलच्या साधनासारखे पर्यायी शब्द समोर येत नाहीत, त्यामुळे पहिले काही दिवस ऱ्हस्व-दीर्घाकडे आणि जोडाक्षरांकडे लक्ष द्यावं लागतं. मग हात बसतो.

जुन्या फाइल्सची गोष्ट वेगळी. सोसायटीच्या जुन्या नोटिसा आधीच्या सचिवांनी कशात टाइप केल्या आहेत ते बघा. शिवाजी, कृतिदेव किंवा श्री-लिपीचे जुने फॉन्ट वापरले असतील, तर त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं मुळात साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा आकार देतो. तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही यंत्रावर, मग ते विंडोज असो की लिनक्स, पानभर अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसणार. ओळखायची खूण सोपी आहे: फाइलमधला एक शब्द कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. मराठीच दिसला तर फाइल युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत) आहे, इंग्रजी कचरा दिसला तर नाही. युनिकोडची फाइल लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधल्या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये) व्यवस्थित उघडते. जुन्या फॉन्टची फाइल युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. त्यातून बाहेर आलेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घालाच, कारण रफार आणि पहिली वेलांटी यांची जागा हमखास चुकते. हे काम लिनक्सवर येण्याआधी, विंडोज चालू असतानाच उरकून घ्या.

युनिकोड फाइलमध्येही एक बारीकसा फरक दिसेल. मंगल आणि निर्मला हे फॉन्ट विंडोजचे आहेत, मिंटमध्ये नसतात, म्हणून त्यांच्या जागी नोटो किंवा लोहित येतो. अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात, एका पानाची नोटीस दीड पानावर जाते. पुढच्या सगळ्या नोटिसा ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो देवनागरी’ यांसारख्या फॉन्टमध्ये करा. ते मोफत आहेत आणि विंडोजवरही बसतात. सभासदांना पाठवायची ती पीडीएफ पाठवा, म्हणजे प्रत्येकाला पान सारखंच दिसेल.

बसवण्याआधी चाचणी कशी घ्यायची? 8 जीबीचा पेनड्राइव्ह, मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (अख्खं मिंट असलेली एकच फाइल), आणि ती पेनड्राइव्हवर उतरवायला रूफस किंवा व्हेंटॉय हे साधन. लॅपटॉप सुरू होताना कंपनीप्रमाणे एफ-12, एफ-9 किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडा. डिस्कला धक्का न लावता मिंट उघडेल. पेनड्राइव्हवरून ते मंद चालतं, तेव्हा वेगावरून मत बनवू नका. बघायचं ते एवढंच: वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागं होतं का, ब्राइटनेसची बटणं चालतात का. वाय-फाय नाही लागलं तर घाबरू नका. मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट द्या आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉमच्या काही चिपांचा ड्रायव्हर तिथूनच मिळतो. एकच दिवस न देता दोन-तीन संध्याकाळी द्या आणि घरातल्या प्रत्येकाला त्यावर बसवा.

शेवटचा मुद्दा प्रिंटरचा, आणि इथे मला तुमच्याकडून माहिती हवी आहे. मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर पूर्णपणे त्यावरच ठरतं. वाय-फायचा, गेल्या काही वर्षांतला प्रिंटर बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवाय ओळखला जातो. एचपीच्या लेझरजेट 1020 सारख्या जुन्या मॉडेलना एचपीलिप हे पॅकेज आणि त्यावर एक प्लगिन लागतं. इंटरनेट चालू असेल तर काही मिनिटांचं काम आहे. कॅननचा एलबीपी 2900, जो आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांपासून ग्रामपंचायतींपर्यंत सगळीकडे दिसतो, तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट पद्धतीचा आहे आणि मिंटमध्ये आपोआप चालू होत नाही. त्याचा ड्रायव्हर हाताने बसवावा लागतो, आणि नवख्या माणसाने पहिल्याच आठवड्यात ते करू नये. तुमचा तोच असेल तर दोन वाटा आहेत: ज्याला हे जमतं त्याला शेजारी बसवून करून घ्या, किंवा पीडीएफ काढून छपाई दुसऱ्या यंत्रावरून करा. पेनड्राइव्हवरून मिंट चालू असताना प्रिंटर जोडून एक मराठी पान छापून बघा, आणि मॉडेल क्रमांकासकट काय झालं ते कळवा. त्यानंतरच एसएसडी घ्यायला बाजारात जा.